अलॉय घेताना डिझाइन सगळ्यात शेवटी: गाडीला नेमकं बसणारं चाक कसं निवडायचं

अॅक्सेसरीजच्या दुकानात शिरलं की भिंतीवर टांगलेल्या अलॉय चाकांकडे (पत्र्याऐवजी अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या चाकांकडे) आधी नजर जाते, आणि दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, "किती इंची टाकायचेत?" चूक तिथेच सुरू होते. इंच हा सात-आठ मापांपैकी एक आकडा आहे, आणि सगळ्यात कमी गोत्यात आणणारा. गोत्यात आणतात ते न विचारलेले आकडे.

माझ्या स्विफ्टला मी एकदा १७ इंची चाकं टाकली होती. चाक ७.५ जे रुंदीचं, ऑफसेट ३५, त्यावर २०५/४५ आर १७ टायर. "बसतं साहेब, सगळ्यांना हेच बसवतो," एवढ्यावर मी पैसे मोजले. एकटा चालवत होतो तोवर सगळं झकास. मग चौघं जण आणि डिकीत सामान घेऊन पाचगणीला निघालो, आणि पसरणीच्या घाटात प्रत्येक वळणावर मागून खर्र खर्र आवाज आणि जळक्या रबराचा वास. परत आल्यावर दुकानदाराने उपाय काय केला, तर मागच्या फेंडरची, म्हणजे चाकावरच्या पत्र्याची, आतली कड हातोडीने वळवली. दोन महिन्यांत तिथला रंग तडकला. त्या चाकांचं नेमकं काय चुकलं होतं ते सहाव्या टप्प्यात आकड्यांनिशी दाखवतो.

खालचा क्रम मुद्दाम असा लावला आहे. एका टप्प्यावर "नाही" आलं तर पुढच्या टप्प्याला जाऊ नका.

तयारी: हाताशी काय हवं

मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी, शक्य असेल तर व्हर्नियर, जॅक आणि गाडीखाली लावायला स्टँड, चाकाचा पाना, एक सरळ लाकडी पट्टी, मुलांच्या खेळण्यातली क्ले, आणि वही. मोबाइलवर फोटो काढून ठेवले तरी आकडे वहीतच लिहा. दुकानात गर्दीत उभं राहून फोटो चाळत बसलं की माणूस "ठीक आहे, द्या" म्हणून मोकळा होतो.

सावधान: नुसत्या जॅकवर गाडी ठेवून चाक काढलेलं असताना आत हात घालू नका. स्टँड नसेल तर हे काम ओळखीच्या टायरवाल्याच्या लिफ्टवर करा.

टप्पा १: गाडीचा मूळ हिशेब लिहून काढा

ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर टायरच्या हवेचं स्टिकर असतं. त्यावर कंपनीने मान्य केलेल्या टायरची मापं दिलेली असतात. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कोणतं माप येतं तेही शोधा. स्विफ्टच्या खालच्या व्हेरियंटला १६५/८० आर १४ आणि वरच्याला १८५/६५ आर १५ येतं. म्हणजे खालच्या व्हेरियंटवाल्याला १५ इंचांवर जायचं असेल तर अर्धा अभ्यास कंपनीनेच करून ठेवला आहे.

मग एक चाक काढून त्याची मागची बाजू बघा. तिथे १५×५.५ जे, ईटी ४५ अशा धर्तीचे आकडे ठोकलेले असतात. पत्र्याच्या रिमवर ते गंजाखाली लपलेले असतात, तारेच्या ब्रशने घासा. पहिला आकडा व्यास इंचात, दुसरा रुंदी इंचात (जे हे रिमच्या कडेच्या आकाराचं अक्षर), आणि ईटी म्हणजे ऑफसेट मिलिमीटरमध्ये, तो सहाव्या टप्प्यात समजावतो.

टप्पा २: पीसीडी, म्हणजे नटांच्या वर्तुळाचा व्यास

चार भोकांच्या चाकात हे सोपं आहे. समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे पीसीडी. स्विफ्ट, बलेनो, आय २०, सिटी या सगळ्यांचा तो ४×१०० आहे.

पाच भोकांत समोरासमोर भोक नसतं, म्हणून लोक अंदाजे पट्टी लावतात आणि फसतात. तिथे शेजारच्या दोन स्टडच्या (ज्यांवर नट चढतात त्या दांड्यांच्या) मध्यांमधलं अंतर मोजा आणि त्याला १.७ ने गुणा. ते अंतर ६७.२ मिमी भरलं तर पीसीडी ११४.३ (ब्रेझा, क्रेटा, इनोव्हा क्रिस्टा), ६५.८ भरलं तर ११२, ६३.५ तर १०८, आणि ५८.८ तर १०० (फोक्सवॅगन पोलो). ११४.३ आणि ११२ यांच्यात पट्टीवर जेमतेम दीड मिलिमीटरचा फरक दिसतो. म्हणून मोजमाप तीनदा घ्या, आणि गाडीच्या मॉडेलवरूनही खात्री करा.

"दोन मिलिमीटरच तर आहे, नट ओढून घेईल" हे वाक्य कानावर पडलं तर दुकानातून बाहेर पडा. नट ओढून घेतो, पण स्टड वाकवून. वाकलेला स्टड कधी तुटेल हे कुणी सांगू शकत नाही.

आपल्याकडे आठ भोकांची चाकं फार विकली जातात. एकाच चाकावर ४×१०० आणि ४×१०८ किंवा ४×११४.३ असे दोन पीसीडी असतात. कारखान्यातूनच तशी आलेली असतील तर हरकत नाही. पण चार भोकांच्या चाकाला नंतर ड्रिल मारून चार भोकं वाढवली असतील तर घेऊ नका. ओळखायचं कसं? मूळ भोकाच्या तळाशी नट बसायला व्यवस्थित कातलेली उतरती बैठक असते आणि भोकाभोवती धातूची जाडी भरपूर असते. नंतर मारलेलं भोक चाकाच्या एखाद्या काडीच्या (स्पोकच्या) कडेला टेकलेलं किंवा पोकळ भागात उघडलेलं दिसतं.

टप्पा ३: मधलं भोक आणि हब रिंग

चाकाच्या मधल्या भोकाला सेंटर बोर म्हणतात. गाडीच्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, जी गोल उंच कड असते तिच्यावर ते घट्ट बसायला हवं. स्विफ्टचा आणि आय २०चा हब ५४.१ मिमीचा, सिटीचा ५६.१, क्रेटाचा ६७.१, पोलोचा ५७.१. बाजारातली चाकं मात्र अनेक गाड्यांना चालावीत म्हणून मोठ्या बोरची, बरेचदा ७३.१ मिमीची बनवलेली असतात.

ही फट भरायला हब रिंग लागते: बाहेरून ७३.१, आतून ५४.१. चारही चाकांना चार. दुकानदार ती स्वतःहून क्वचित देतो, कारण तिच्याशिवायही चाक "बसतं". मग ताशी ८० ते १०० किलोमीटरला स्टिअरिंग थरथरतं, तुम्ही तीनदा बॅलन्सिंग करून घेता, आणि मशीनवर मात्र चाक दर वेळी बिनचूक दाखवतं. कारण मशीनवर ते मधोमध बसतं आणि तुमच्या गाडीवर अर्धा मिलिमीटर सरकून.

उलट बाजूही आहे. चाकाचा बोर गाडीच्या हबपेक्षा लहान असेल तर ते चाक तुमचं नाही. बोर कातून मोठा करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

तपासणी: रिंग हबवर हाताने दाबून बसली पाहिजे. ढिली पडत असेल किंवा हातोडी लागत असेल तर माप चुकलं आहे.

टप्पा ४: नट-बोल्ट. इथे सगळ्यात जास्त घाई होते

दोन गोष्टी बघायच्या, आटे आणि बैठक.

आटे: मारुतीच्या गाड्यांचे स्टड १२ मिमीचे आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५ मिमी. ह्युंदाई, होंडा, टोयोटाच्या बहुतेक गाड्यांचे १२ मिमी आणि पिच १.५. बघायला दोन्ही नट जुळे भाऊ. चुकीचा नट दोन-तीन आटे सहज फिरतो, मग अडतो, आणि तिथे पोऱ्याने एअर गन लावली की आटे कापत कापत आत जातो. बाहेरून चाक घट्ट, आतून आटे खलास.

बैठक: बाजारातल्या जवळजवळ सगळ्या अलॉयना ६० अंशांच्या शंकूसारख्या तोंडाचे नट लागतात. होंडाच्या मूळ नटांचं तोंड गोलाकार, चेंडूच्या पाठीसारखं असतं. टोयोटाच्या बऱ्याच अलॉयना सपाट वायसरचे नट येतात. पोलोला तर नट नसून बोल्ट असतात, १४ मिमीचे आणि गोल बैठकीचे. गोल तोंडाचा नट शंकूच्या बैठकीत बसवला तर दोन्ही एका बारीक रेषेवर टेकतात. पान्याला घट्ट लागतं, पण चालवताना ढिलं होऊ शकतं.

तपासणी: नट हाताने किती फेरे आत जातो ते मोजा. स्टडच्या जाडीइतके तरी आटे पकडले पाहिजेत. १२ मिमी स्टडला १.५ पिच असेल तर किमान ८ फेरे, १.२५ असेल तर दहाच्या आसपास.

आणि स्पेसर? ऑफसेट चुकलेलं चाक विकण्यासाठी स्पेसर सुचवले जातात. पाच मिलिमीटरची चकती मध्ये घातली की पाच मिलिमीटर आटे कमी पकडतात आणि हबची कड चकतीतच संपते. शिवाय त्या चकतीची गरज पडते याचा अर्थ चाक चुकीचं निवडलं. चाक बदला.

टप्पा ५: टायरचा पूर्ण व्यास ठरवा

रिम मोठी केली की टायरची भिंत तेवढी कमी व्हायला हवी, म्हणजे जमिनीपासून वरपर्यंतची उंची जवळपास तीच राहते. हिशेब असा: टायरची रुंदी गुणिले भिंतीची टक्केवारी, दुप्पट करायची, त्यात रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळवायचा. इंचाला २५.४ ने गुणलं की मिलिमीटर. २०५/४५ आर १७ मध्ये २०५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ४५ ही भिंतीची टक्केवारी आणि १७ हा रिमचा व्यास इंचात.

१६५/८० आर १४: ६१९.६ मिमी
१८५/६५ आर १५: ६२१.५ मिमी
१९५/५५ आर १६: ६२०.९ मिमी
२०५/४५ आर १७: ६१६.३ मिमी
२०५/५५ आर १६: ६३१.९ मिमी

पहिली चार मापं एकमेकांच्या एका टक्क्याच्या आत आहेत. पाचवं १५ इंचीच्या तुलनेत १.७ टक्के मोठं. मी मूळ मापाच्या दीड टक्क्याच्या पलीकडे जात नाही. त्याहून मोठा टायर वळणावर आणि खड्ड्यात लायनरला (चाकाच्या खळग्यातल्या प्लास्टिकच्या अस्तराला) लागायची शक्यता वाढते, पिकअप मंदावतो आणि मीटर खरा वेग कमी दाखवतो.

दुसरा मुद्दा भिंतीच्या उंचीचा. १८५/६५ ची भिंत १२० मिमी, २०५/४५ ची ९२. जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याने भरलेल्या खड्ड्याची धार हीच भिंत झेलते. ती पातळ झाली की टायरला फुगा येतो किंवा रिमची कड वाकते. शहराबाहेर नियमित गाडी चालवणाऱ्या छोट्या गाडीवाल्याने मूळ मापाच्या एक इंच वर थांबावं असं माझं मत आहे. दोन इंच वर गेलेले माझ्या ओळखीतले तिघं एका पावसाळ्यानंतर परत खाली आले.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेरचा फेरफार चालत नाही. तुमच्याच मॉडेलला कंपनी जे माप देते त्यात राहिलात तर प्रश्न येत नाही. टायर मडगार्डच्या बाहेर डोकावला की हमखास येतो. चाकांचं बिल जपून ठेवा आणि विमा कंपनीला कळवून पॉलिसीत त्यांची नोंद करून घ्या.

टप्पा ६: रुंदी आणि ऑफसेट. इथे वेळ द्या

आधी टायरला रिमची कोणती रुंदी चालते ते बघा. १८५/६५ आर १५ ला ५ ते ६.५ इंच, १९५/५५ आर १६ ला ५.५ ते ७ इंच, २०५/५५ आर १६ ला ५.५ ते ७.५ इंच. या मर्यादेत मधली रुंदी घ्यावी. रुंद रिमवर ताणून बसवलेला टायर फोटोत छान दिसतो, पण रिमची कड बाहेर येते आणि फुटपाथला पहिली तीच घासते.

आता ऑफसेट. चाक हबला जिथे टेकतं ती पाठ आणि चाकाच्या रुंदीची मधली रेषा, यांच्यातलं अंतर म्हणजे ऑफसेट. आकडा जितका मोठा तितकं चाक गाडीच्या आत, जितका लहान तितकं बाहेर. पण रुंदी बदलली की नुसत्या ऑफसेटवरून काही कळत नाही. दोन बेरजा-वजाबाक्या कराव्याच लागतात:

आतली बाजू = अर्धी रुंदी (मिमी) + ऑफसेट
बाहेरची बाजू = अर्धी रुंदी (मिमी) − ऑफसेट

समजा मूळ चाक १५×५.५ जे, ईटी ४५. अर्धी रुंदी ६९.९. आत ११४.९, बाहेर २४.९.

आता माझं ते १७×७.५ जे, ईटी ३५ घ्या. अर्धी रुंदी ९५.३. आत १३०.३, बाहेर ६०.३. म्हणजे रिमची कड आत १५ मिमी सरकली आणि बाहेर तब्बल ३५ मिमी. टायरचा हिशेब वेगळा होतो, कारण त्याची मधली रेषा १० मिमी बाहेर गेली आणि रुंदी दोन्ही बाजूंना १० मिमी वाढली. टायरची बाहेरची कड मूळ जागेपेक्षा २० मिमीच्या वर पुढे आली. व्यास मात्र अगदी बरोबर होता, ६१६ आणि ६२१! त्यामुळे पार्किंगमध्ये उभी गाडी दिसायला ठाकठीक. मागे दोन माणसं आणि सामान चढलं, स्प्रिंग दबली, वळणावर आणखी दबली, आणि टायर फेंडरच्या कडेवर जाऊन चढला.

त्याच गाडीला १६×६ जे, ईटी ४५ लावून बघा. अर्धी रुंदी ७६.२. आत १२१.२, बाहेर ३१.२. रिम दोन्हीकडे सव्वासहा मिमी, आणि १९५ चा टायर दोन्हीकडे पाच मिमी. फरक एवढाच.

मग तुमच्या गाडीत जागा किती आहे ते मोजा. गाडी सपाट जागेवर, चाकं जमिनीवर.

पुढे, आतून: टायरची भिंत आणि शॉकअॅब्सॉर्बरची नळी यांच्यातली फट. बोट घालून अंदाज घ्या, मग पट्टीने मोजा. नवीन चाक आत सरकल्यावर किमान ५ ते ६ मिमी उरायला हवी.

पुढे, वळवून: स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे. दोन्ही वेळा टायर आणि प्लास्टिकचा लायनर यांच्यातली सगळ्यात कमी फट लिहा. मडफ्लॅप लावलेले असतील तर तिथेही.

मागे, बाहेरून: लाकडी पट्टी फेंडरच्या कडेवरून उभी सोडा आणि टायर तिच्या किती आत आहे ते मोजा. हीच ती जागा जी माझी हुकली. मागच्या सीटवर तीन मोठी माणसं बसवून हे मोजमाप परत घ्या. शेजाऱ्यांना बोलवा, चहा पाजा, पण बसवा.

सावधान: बाहेरच्या बाजूला मूळ चाकापेक्षा १० मिमीच्या वर जाऊ नका. घासण्यापलीकडचा एक तोटा म्हणजे बेअरिंगवर भार तिरका पडतो आणि ब्रेक मारताना स्टिअरिंग रस्त्यासोबत ओढलं जातं.

टप्पा ७: ब्रेकला जागा

मोठ्या चाकात ब्रेक मावणारच, असं गृहीत धरू नका. व्यासात मावतो, पण चाकाच्या काड्या आतल्या बाजूला फुगीर असतील तर कॅलिपरचा (ब्रेकच्या चकतीला पकडणाऱ्या भागाचा) चेहरा काडीला लागतो. कॅलिपरवर क्लेच्या तीन-चार गोळ्या चिकटवा, एक नुसती रिम हबवर लावून दोन नट हाताने आवळा आणि चाक हळू फिरवा. रिम काढून दबलेल्या गोळीची जाडी मोजा. तीन मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ते डिझाइन तुमच्यासाठी नाही.

काम झाल्यावर क्लेचा प्रत्येक कण काढा. ब्रेक तापल्यावर तो वितळतो.

टप्पा ८: चाकात दम आहे का?

चाकाच्या मागे कमाल भार किलोमध्ये लिहिलेला असतो. आरसीवर गाडीचं भरलेलं वजन असतं. समजा ते १,४०० किलो आहे. ब्रेक मारताना पुढे जास्त भार येतो, म्हणून मी ६० टक्के धरतो: ८४० किलो, एका चाकाला ४२०. त्यावर थोडी वाढ ठेवा. मागे भाराचा आकडाच नसलेलं चाक फुकट मिळालं तरी नको. आयएसआय चिन्ह आहे का बघा. आयात मालावर जेडब्ल्यूएल हे जपानी मानकाचं चिन्ह आणि शेजारी व्हीआयए हे त्रयस्थ चाचणीचं चिन्ह असतं. दुसरं असेल तर जास्त बरं. अर्थात खोटी चिन्हंही ओतता येतात, म्हणून चिन्हाबरोबर पक्कं बिलही मागा.

टायरचाही भारांक, म्हणजे तो किती भार पेलतो ते सांगणारा आकडा, बघा. १८५/६५ आर १५ चा टायर साधारण ८८ भारांकाचा येतो, म्हणजे ५६० किलो. त्याच व्यासाचा १९५/५५ आर १६ बरेचदा ८७ चा, म्हणजे ५४५ किलो. रुंद टायर म्हणजे जास्त ताकद, हा समज इथे उलटा पडतो. स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या भारांकाच्या खाली उतरू नका.

जुनी चाकं घेणार असाल, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून किंवा नाना पेठेतून, तर चाकाची पुढची बाजू बघण्यात वेळ घालवू नका. पाठ बघा. आतल्या गोलाईवर नखाने फिरून बारीक चीर लागते का, वेल्डिंगचा फुगवटा आहे का, एकाच जागी ताजा रंग का मारला आहे. मग टायरवाल्याकडे बॅलन्सिंग मशीनवर नुसती रिम फिरवून घ्या. कड लाटेसारखी वरखाली होत असेल तर वाकलेली आहे. वेल्डिंग मारलेलं चाक मी कुठल्याही किमतीला घेत नाही.

आणि वजन. बाथरूमच्या काट्यावर जुनी पत्र्याची रिम आणि नवी अलॉय दोन्ही ठेवून बघा. अलॉय म्हणजे हलकं असं सगळे म्हणतात. स्वस्त ओतीव चाक, त्यात एक इंच मोठं, पुष्कळदा पत्र्यापेक्षा जड भरतं.

टप्पा ९: आता डिझाइन निवडा

वहीत आता एक ओळ तयार असेल. उदाहरणार्थ: १६×६ जे, ४×१००, ईटी ४२ ते ४८, बोर ५४.१ किंवा मोठा अधिक रिंग, शंकू नट १२×१.२५, भार किमान ४५० किलो. दुकानात ही ओळ वाचून दाखवा आणि म्हणा, "यात काय काय आहे ते दाखवा." भिंतीवरची चाळीस चाकं पाच-सहावर येतात. मग खुशाल रंग-रूप बघा. मशीन कट, म्हणजे दर्शनी बाजू कातून उघडी ठेवलेलं चाक, चकचकीत असतं, पण कोकणातल्या खाऱ्या हवेत त्याच्या वार्निशखाली पांढरी जाळी धरते. समुद्राजवळ राहणाऱ्याने पूर्ण रंगवलेलं चाक घ्यावं.

टायर चढवण्याआधी एक नुसती रिम पुढे आणि एक मागे लावून बघायची अट आधीच घाला. टायर चढला की रिमवर खुणा उमटतात आणि मग "बदलून मिळणार नाही" सुरू होतं. नट आणि रिंग त्याच बिलात घ्या. नवे टायर घेत असाल तर टायरच्या भिंतीवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार अंक वाचा, ते टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात: ०८२५ म्हणजे २०२५ चा आठवा आठवडा.

टप्पा १०: बसवताना शेजारी उभे राहा

१. हबची पाठ तारेच्या ब्रशने साफ. गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी चाक वाकडं बसतं.
२. रिंग बसवा. किनाऱ्याकडच्या गाडीला हबच्या कडेवर कॉपर ग्रीसचा पुसट हात, म्हणजे अॅल्युमिनियम लोखंडाला धरत नाही. स्टडच्या आट्यांना मात्र काहीही लावू नका. ग्रीस लावलेला नट त्याच पान्यावर जास्त ताणला जातो.
३. सगळे नट आधी बोटांनी. एअर गनने सुरुवात करू देऊ नका.
४. समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळा, पाच नट असतील तर चांदणी काढल्यासारखे.
५. गाडी खाली उतरवून शेवटचा आवळा टॉर्क पान्याने (ठरवलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्याने). आकडा मॅन्युअलमध्ये असतो, छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटर.
६. चारही चाकांचं बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट.

टायरमध्ये हवेचे सेन्सर असतील तर ते काढून नव्या रिममध्ये बसवायला आधी सांगा. नंतर सांगितलं तर चारही टायर परत उतरतात.

टप्पा ११: पहिले दोन दिवस

आवारातच स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पुढे-मागे घ्या, खिडक्या खाली करून. मग माणसं आणि सामान भरून एखादा उंच स्पीडब्रेकर आणि एखादं घाटवळण. परत आल्यावर टॉर्च घेऊन लायनर आणि फेंडरच्या आतल्या कडेवर चमकलेला पट्टा दिसतो का ते बघा. आवाज नाही म्हणजे घासत नाही, असं नसतं.

पन्नास किलोमीटर झाले की टॉर्क पाना परत लावा, चाकं थंड असताना. नवी अलॉय बैठकीत थोडी रुतते, त्यामुळे एखादा नट पाव फेरा घेतोच. तो दुसऱ्या तपासणीतही फिरला तर बैठक चुकली आहे, चौथ्या टप्प्यावर परत जा.

स्टेपनी बहुतेकांची जुनी पत्र्याची राहते. व्यास जुळवला असेल तर चालते, पण तिला तिचे मूळ नट लागतात. नवे लांब शंकूचे नट पत्र्याच्या रिमला नीट बसतीलच असं नाही. म्हणून जुने नट फेकून न देता एका कापडी पिशवीत बांधून स्टेपनीच्या खळग्यात ठेवा, आणि पाना नव्या नटांना लागतो का ते घरीच बघून घ्या. बारीक तोंडाच्या नटांना गाडीसोबत आलेला पाना चाकाच्या खोल भोकात शिरत नाही, हे मला रात्री साडेदहाला खंबाटकीच्या पायथ्याशी कळलं होतं.